मंडईच्या दिवशीची एक रिंग

बायको गेल्यापासून मला बसवत नाही. जेवतोसुद्धा उभ्यानं. ताट ओट्यावर ठेवतो, दोन घास घेतो, दारापर्यंत जातो, परत येतो. शेजारची वहिनी म्हणते, "भाऊजी, बसून खाल्लं तर अन्न काही चावत नाई." तिला काय सांगू? त्या दिवशी मी बसून राहिलो होतो. उठायला पाहिजे होतं, उठलो नाही.

तिनं मला एक रिंग दिली होती की तीन, एवढीच गोष्ट होती. वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरलो की तिनं तीन दिल्या आणि टॉवरनं दोन खाल्ल्या. खरं काय ते तोंडातून निघायला माझ्या पोरीचा कॉलेजचा प्रोजेक्ट लागला.

मी चौथी शिकलो. दवनीवाड्याकडचं आमचं गाव, सगळं धानाचं. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, हे काम माझ्याकडे तीस वर्षं होतं. त्या कामात लिहिणं-वाचणं लागत नाही. कोण खरं बोलतो, कोण फावडं घेऊन आला अन कोण नुसता ओरडायला आला, एवढं कळलं पाहिजे. घरात आम्ही तिघं. मी, बायको अन एक पोरगी. पोरगी हुशार निघाली, नागपूरला इंजिनिअरिंगला गेली. तेव्हा आमच्या शिवारात नवा टॉवर उभा झाला होता. पोरीनं दोन साधे बटनाचे फोन आणून दिले. एक माझ्या खिशात, एक घरी.

बायकोला आकडे वाचता येत नव्हते. पोरीनं तिला शिकवलं, "दोनचं बटन दाबून धरायचं की बाबाचा फोन वाजते, तीनचं धरलं की माझा." बटनाला तिनं कुंकवाचं बोट लावून ठेवलं, म्हणजे चुकायला नको. बोलायचं मात्र नाही. बोलायला काय, माणूस घरी आल्यावर बोलतोच. आमचं काम रिंगवर चालायचं. एक रिंग देऊन कापली, म्हणजे जेवायला या. दोन, म्हणजे पाहुणे आले, येताना काही घेऊन या. तीन, म्हणजे हातातलं टाका अन निघा. मी चुकून फोन उचलला तर घरी आल्यावर ऐकावं लागायचं.

"उचलला कायले? मी काय तुमच्याशी गप्पा माराले फोन लावला होता?"

तीन रिंगा तिनं एकदाच दिल्या होत्या. म्हैस विहिरीजवळच्या खड्ड्यात उतरली होती तेव्हा. मी पाण्याचं फावडं तिथंच टाकून पळालो होतो. म्हणजे तीनचा अर्थ आम्हा दोघांनाही पक्का होता.

आता तो दिवस सांगतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई, सोयरेधायरे, सगळे गोळा होतात. पाळणे लागतात, दुकानं लागतात, आणि भर दुपारी दंडार होते. दंडार म्हणजे आमच्या लोकांचं नाटक, गाणं, सोंग, सगळं एकत्र. त्या दिवशी शेजारच्या गावची मंडई होती, सायकलनं वीस-पंचवीस मिनिटं. मी निघालो तेव्हा ती चुलीपुढे होती.

"चाल ना," म्हटलं.

"माही मान दुखून राहिली. तुमी जा. जेवाले या पन. मासोळी तळून राहिली मी."

"येतो."

"येतो म्हनता अन तिकडेच चिवडा खाऊन पोट भरता."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. चिवड्यावरचं.

दंडार रंगात आली होती. राजा झालेला माणूस आमच्याच गावचा, त्याची मिशी एका बाजूनं सुटून राहिली होती, अन तो एका हातानं मिशी धरून दुसऱ्या हातानं तलवार फिरवत होता. लोक हसून हसून लोळत होते. तेवढ्यात खिशात फोन वाजला. एक रिंग. बंद झाला. मी काढून पाहिला.

बाजूला माझ्या ओळखीचा एक जण बसला होता, लहानपणचा सोबती. तो म्हणाला, "कोनाचा गा?"

"घरचा. जेवाले बलावून राहिली."

"मंग जा."

"जातो. राजा मरू दे, मंग जातो."

राजा लवकर मरत नाही. दंडारीतला राजा मरायच्या आधी सगळ्यांना बोलून घेतो. राणीला, प्रधानाला, घोड्याला. तो मेला, मग मी चिवडा घेतला, मग कोणी भेटला, मग निघालो. घरी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दार उघडंच होतं. ती सैपाकघरात आडवी पडली होती, फोन हाताजवळ. अंग गार होतं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, बराच वेळ झाला. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, "बाई एकटीच होती का? फोन नाई केला तिनं?"

अन माझ्या तोंडातून निघालं, "केला. तीनदा केला असन. माह्याकडे एकच आला. टॉवर जाम होता."

हे बोलायला मला एक क्षणही लागला नाही. वर साक्षीदारही मिळाले. मंडईच्या दिवशी सगळ्यांचंच तसं झालं होतं. "हो गा, माहा तर दिवसभर लागलाच नाई." "टूं टूं टूं, नुसतं टूं टूं." दहा जणांनी टॉवरला शिव्या दिल्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला माहीत झालं की बाईनं तीन रिंगा दिल्या अन दोन टॉवरनं खाल्ल्या. नागपूरहून पोरगी आली, तिलाही मी तेच सांगितलं. तिनं आईचा फोन उघडून पाहिला. लावलेल्या नंबरांत माझा नंबर एकदाच दिसत होता. पण त्या फोनात एकच नंबर दहादा लावला तरी तो एकदाच दिसायचा. म्हणजे फोनही काही बोलत नव्हता.

तेराव्यानंतर मी टॉवरपाशी गेलो. कुंपणाच्या आत एक चौकीदार होता, बालाघाटकडचा. मी त्याला नको ते बोललो. म्हटलं, "तुह्या टॉवरनं माही बायको खाल्ली." तो घाबरला. आतून तांब्यात पाणी आणून दिलं अन म्हणाला, "काकाजी, मैं तो बस जनरेटर देखता हूँ." मी पाणी प्यायलो नाही. तांब्या कुंपणापाशी ठेवला अन निघालो. तेव्हापासून मी चालूनच राहिलो आहे. सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, दुपारी शिवारात, पुन्हा पारीवर. दर थोड्या वेळानं खिशातला फोन काढून पाहतो. कोणाचा असणार आहे? तरी पाहतो.

पुढच्या दिवाळीला पोरगी आली ती जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला लॅपटॉप घेऊन. शेवटचं वर्ष होतं तिचं. दारातच म्हणाली, "बाबा, मी टॉवरचाच प्रोजेक्ट घेतला."

"कोनत्या टॉवरचा?"

"कोणत्याही. एका टॉवरखाली खूप लोक असले तर बोलायची वाट कोणाला मिळते अन कोणाला नाही मिळत, ते पाहायचं."

"त्याले पाहाचं काय? मंडईत जा, दिसते."

"मंडई वर्षातून एकदा येते. अन खऱ्या टॉवरवर आपल्याला कोणी प्रयोग करू देत नाही. म्हणून कॉम्प्युटरात खोटा टॉवर उभा करायचा. त्याच्याखाली खोटी माणसं सोडायची. अन तीच मंडई हजारदा भरवायची."

"खोटी मानसं?"

"आकडेच, बाबा. पण माणसासारखे वागणारे."

मला समजेना, तर तिनं सैपाकघरातून सात वाट्या आणल्या अन लाखोरीच्या डाळीचे दाणे घेतले. आईच्या वापरातल्या वाट्या. जमिनीवर मांडल्या. म्हणाली, टॉवरच्या एका यंत्रात आठ जागा असतात. एक टॉवरला स्वतःच्या निरोपासाठी लागते, उरल्या सात. ह्या सात वाट्या. दाणा म्हणजे फोन लावणारा माणूस. ती कागदावरचे आकडे पाहून बोलायची, मी दाणे टाकायचे. "आला." मी रिकाम्या वाटीत एक दाणा टाकला. "आला. आला. दुसऱ्या वाटीतला गेला." मी उचलला. "आला." असं करत करत सातही वाट्या भरल्या. "आला." मी तिच्याकडे पाहिलं. "जागा नाही ना? खाली टाका."

अर्ध्या तासात जमिनीवर दाण्यांची रास झाली.

"हे खाली पडलेले कुठं गेले?" मी विचारलं.

"गेले. त्यांना वाट नाही मिळाली."

"गेले म्हनजे घरी जाऊन झोपले?"

"पुस्तकात तसंच धरतात, बाबा. ज्याला जागा नाही मिळाली तो निघून गेला."

"पुस्तक लिहिनारा कधी पान्यासाठी भांडला नसन."

ती हसली, पण मी हसण्यावारी बोलत नव्हतो. हे माझं काम होतं. आमच्या तलावातून एका वेळी पाच-सहा बांध्यांना पाणी देता येते, अन मागणारे तीस. ज्याला मी परत पाठवतो तो घरी जाऊन गप बसत नाही. अर्ध्या तासानं परत येतो. येताना भावाला घेऊन येतो. त्याला पुन्हा परत पाठवलं तर दहा मिनिटांनीच येतो. आधी तीस असतात, दुपारपर्यंत तलावावर नव्वद माणसं झालेली असतात, अन बांध्या तेवढ्याच. हे मी तिला सांगितलं. म्हटलं, "वापस जानारा मानूस वापस येते. गर्दी त्याच्यानंच होते."

तिनं पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. ती भराभर लिहीत गेली. मग तिनं विचारलं की तुम्ही एखादी पाळी राखून ठेवत होते का. ठेवत होतोच. पाणी सुरू झालेली बांधी मधेच सोडायची नाही, म्हणून एक पाळी हातात ठेवायची. कोरडी बांधी एक दिवस थांबते. अर्धी भिजवून सोडली तर गडी जीव घेते. ती म्हणाली, टॉवरमध्येही तसंच करतात. कोणी बोलत बोलत गाडीवरून दुसऱ्या टॉवरखालून येतो, त्याचं बोलणं मधे तुटू नये म्हणून एखादी जागा राखतात. नवीन लावणाऱ्याला मग नाही म्हणावं लागते. मला बरं वाटलं. वाटलं, टॉवर बनवणाऱ्यांत कोणीतरी शेतकऱ्याचा पोरगा असेल.

पण तिला खरे आकडे पाहिजे होते. मंडईत माणूस किती वेळ बोलतो, लागला नाही तर किती वेळानं पुन्हा लावतो. "तुम्ही नाहीतरी फिरतच राहता," म्हणाली. "मोजून आणा."

त्याच गावची मंडई, बरोबर वर्षानं. मी गेलो. घड्याळ हातात, खिशात चिठोरी अन पेन्सिल. लागला तर उभी रेघ, नाही लागला तर आडवी. दंडार त्याच झाडाखाली चालू होती. माझा तो सोबती तिथंच बसला होता.

"काय गा, सारे लोकांची तोंडं पाहून राहिला? पोरीसाठी नवरदेव शोधून राहिला का?"

"फोन मोजून राहिलो."

"मोज. पन बसून मोज ना. जागा आहे."

"बसत नाई मी."

"मागच्या साली तर हालत नव्हता तू!"

त्याला काही आठवलं असेल, तो एकदम चूप झाला. मी पुढे गेलो.

मंडईत कोणी दोन मिनिटं बोलत नाही. पोरीच्या पुस्तकात दोन मिनिटं धरली होती. खरं बोलणं असं. "कुठं आहेस?" "पाळन्यापाशी." "कोनत्या? दोन पाळने आहेत." "मोठ्या." बंद. दोन मिनिटांनी पुन्हा, "मोठ्याच पाळन्यापाशी आहे मी, तू कुठं आहेस?" एका बाईनं माझ्यासमोर नऊदा फोन लावला. नऊही आडव्या रेघा. तिचा नवरा तिच्या मागंच उभा होता, तोही फोन लावून राहिला होता, तिलाच. मी सांगितलं तेव्हा दोघंही माझ्यावरच उखडले. "मंग आधी काऊन नाई सांगितलं, बाप्पा?" काय सांगणार, मोजून राहिलो होतो.

तीन चिठोऱ्या भरून घरी आलो. पोरगी खूश झाली. दोन दिवस तिनं ते सगळं आत टाकलं. भारनियमन होतं, लॅपटॉपची बॅटरी घडीभर टिकायची, मग ती वाट पाहत बसायची अन मी येरझारा घालायचो. तिच्या खोट्या मंडईत माणसं परत परत फोन लावायला लागली तशी पडद्यावर न लागलेल्या फोनांची लाल रेघ वर चढली. ती म्हणाली, "बाबा, आता ही खरी मंडई दिसून राहिली."

मग तिनं दोन माणसं वेगळी ठेवली. हिरव्या रंगाची. मला म्हणाली, "ही आई. हे तुम्ही."

मी खांबाला धरून उभा होतो.

दोघं एकाच टॉवरखाली, म्हणून त्यांच्या एका फोनला दोन जागा लागणार, एक लावणाऱ्याची, एक ज्याला लावला त्याची. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे एवढ्या गर्दीत दोन वाट्या एकदम रिकाम्या पाहिजेत. आई तीन रिंगा देणार, एकामागं एक. पोरीनं बटन दाबलं. मशीन मंडई भरवत राहिलं, पुन्हा पुन्हा, शेकडो मंडया. कधी तीनही रिंगा पोहोचल्या. कधी दोन. कधी एकही नाही. अन बऱ्याचदा एक. दोन पोहोचायच्या राहिल्या, तीनातली एकच माझ्या खिशात वाजली.

"होऊ शकते बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत होते तसं होऊ शकते."

मी खाटेवर बसलो. वर्षात पहिल्यांदा. पाठ टेकली. वाटलं, मशीननं साक्ष दिली. म्हटलं, "मले याचा कागद काढून दे. टॉवरवाल्याच्या तोंडावर मारतो."

"देते," म्हणाली. अन मग बसल्या बसल्या थांबली. "एक मिनिट. आई अशी नव्हती करत."

"कशी?"

"ती मले सकाळी एक रिंग द्यायची, उठली की नाही पाहाले. कधी कधी फार उशिरा यायची. मी विचारलं होतं. म्हणे, टूं टूं करून राहिला होता, लागेपर्यंत लावला."

मी खाटेवरून उठलो.

"बाबा, नाही लागला तर ती मोजत नव्हती ना?"

मोजत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं होतं सगळं. फोन कानाला, डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर. कानात घंटी ऐकू आली तरच अंगठा पुढच्या पेरावर सरकायचा. टूं टूं झालं की अंगठा तिथंच. तीन द्यायच्या असल्या तर तीन पेरं पुरी झाल्याशिवाय ती फोन खाली ठेवत नव्हती. त्या म्हशीच्या वेळी शेवटची रिंग दहा मिनिटं उशिरा आली होती, तोवर ती लावूनच राहिली होती.

"नाई मोजत होती," मी म्हटलं.

तिनं नियम बदलला. दोन ओळी असतील. पुन्हा मंडया भरल्या. ह्या वेळी तीन म्हणजे तीन. कधी लवकर, कधी पाव तासानं, पण तीनही पोहोचायच्या. ती खाली खाली पाहत गेली. एकावर थांबलेली एकही मंडई नव्हती.

"म्हणजे एकतर तिला एकच द्यायची होती," पोरगी म्हणाली. "नाहीतर दुसरी द्यायला ती..."

मी चप्पल घातली अन निघालो. तलावाच्या पारीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सांगायचं नव्हतं असंही नाही. तोंडच उघडत नव्हतं. उरलेली गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. स्वतःलाही नाही.

परत आलो तेव्हा ती दाणे गोळा करून डब्यात भरत होती. मी दारातूनच बोललो.

"ताटं मांडली होती."

"कोणती ताटं?"

"त्या दिवशी. दोन पाट, दोन ताटं. माह्या पाटाजवळ पान्याचा लोटा. मासोळी माह्याच ताटात जास्त. तुह्या मायनं मले जेवाले बलावलं होतं. एक रिंग म्हनजे एकच रिंग."

"मी आली तेव्हा तर ताटं नव्हती."

"मी उचलली. लोकाईले हाक माराच्या आधी."

"काऊन?"

"अन्न पायाखाली येईन म्हनून." मग म्हटलं, "नाई. लोकाईले दिसू नये म्हनून."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग एकच विचारलं, "जेवाले काऊन नाई आले?"

"राजा मराचा होता."

"मेला?"

"मेला."

तिनं लॅपटॉप बंद केला. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. पण ती आईची पोरगी. उठली, वाट्या घासल्या, पालथ्या घातल्या. पाठमोरीच म्हणाली, "वर्षभर मी टॉवरले शिव्या देत अभ्यास केला, बाबा. पहिल्या पानावर लिहिलं होतं, माह्या आईच्या दोन रिंगा कुठं गेल्या ते शोधाले हा प्रोजेक्ट आहे म्हणून." अन तिनं ते पान फाईलमधून काढलं, घडी करून चुलीत टाकलं. "परत येणारी माणसं तुमची आहेत. ती प्रोजेक्टात राहू देते."

उरलेल्या सुट्टीत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीही जास्त विचारलं नाही. मी तिच्या जागी असतो तर तेवढंही बोललो नसतो. लगेच गेलो असतो तर बायको वाचली असती का, ते मशीनला माहीत नाही, डॉक्टरला नाही, मलाही नाही. कदाचित दोघं जेवायला बसलो असतो अन माझ्यासमोर गेली असती. तेही काही कमी नव्हतं. ताट गार होत होतं अन ती माझी वाट पाहत होती, तेवढं मात्र मला माहीत आहे.

गावात लोक अजून टॉवरचं बोलतात. मी आता सांगतो, टॉवरचं काही नाही, मीच गेलो नाही. कोणाला ते आवडत नाही. माझा सोबती म्हणाला, "कायले उकरून राहिला गा? आमाले टॉवरच बरा होता." तो चौकीदारही दिसला एकदा. मी कुंपणापाशी थांबलो, पाणी मागितलं अन प्यायलो. त्यानं काही विचारलं नाही.

पोरगी नागपूरला गेली. आठवडाभर काही नाही. मग एके दिवशी दुपारी मी पाण्याच्या पाळीवरून दोघांचं भांडण सोडवून राहिलो होतो, खिशात फोन वाजला. एक रिंग. बंद. काढून पाहिला, पोरीचा नंबर. मी उलटा लावला तर तिनं कापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळेला. पुन्हा एकच.

आता रोज येते. कुठंही असलो, कोणाशीही बोलत असलो, रिंग झाली की मी घरी निघतो. लोक म्हणतात, बोलणं तर पुरं कर गा. मी पुरं करत नाही. घरी येतो, भात वाढून घेतो. पाट मांडतो, पण अजून बसवत नाही, उभ्यानंच खातो.

कधी कधी रिंग वेळेवर येत नाही. एक वाजून जातो, सव्वा होतो. आधी मी घाबरायचो. आता समजतो, टूं टूं करून राहिला असेल. ती लागेपर्यंत लावते. तोवर मी फोन हातात घेऊन दारात उभा राहतो.